दाणा काढलेली बाई

शर्मिला मोहितेला आधी वाटलं, दाढच दुखतेय. डावीकडची, खालची. सांगलीतल्या दातांच्या डॉक्टरांनी हिरड्या टोकरून बघितल्या, फोटो काढला आणि म्हणाले, "मॅडम, तुमचे दात माझ्यापेक्षा बरे आहेत." ती हसत घरी आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानावर मुलींना खांबावरचा सूर दाखवताना दाढ पुन्हा ठणकायला लागली. या वेळी ठणका जबड्यातून मानेत उतरला आणि दोन खांद्यांच्या मधोमध जाऊन बसला, आतून कुणी मूठ आवळावी तसा. ती खांबाला टेकून उभी राहिली. थोड्या वेळानं सगळं ओसरलं. पुन्हा पळून बघितलं, पुन्हा तेच.

शर्मिला एका शाळेत खेळाची शिक्षिका होती. वय चोपन्न. तरुणपणी राज्याच्या संघातून खो-खो खेळलेली, आणि त्यानंतरही मैदान कधी न सोडलेली. दम लागणं म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. हा दम मात्र तिच्या ओळखीचा नव्हता.

म्हणून ती आरोग्य केंद्रात गेली.

केंद्रात गेल्या गेल्या डॉक्टर भेटायचे दिवस संपले होते. काचेच्या छोट्या खोलीत बसायचं, मनगट पट्टीवर ठेवायचं आणि समोरच्या पडद्याशी बोलायचं. आवाज बाईचाच होता, स्वच्छ आणि अजिबात घाई नसलेला.

"आपली तक्रार सांगा."

"पळताना, जिना चढताना जबडा दुखतो. पाठीत भरून येतं, दम लागतो. थांबलं की जातं."

"आपल्याला समतोल बसवलेला आहे का?"

"हो."

पडद्यावर एक हिरवी रेघ लहरत गेली. "आपल्या संप्रेरकांमध्ये सौम्य चढउतार आहेत. रजोनिवृत्तीनंतर असा त्रास होऊ शकतो. मात्रा वाढवली आहे. आपले हृदय सुरक्षित आहे. पुरेशी झोप घ्या."

"मला डॉक्टरांना भेटायचंय."

"त्याची आवश्यकता नाही," आवाज म्हणाला आणि दाराबाहेरच्या पाटीवर पुढच्या बाईचं नाव उमटलं.

समतोल म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी एक कुपी. दंडाच्या आतल्या बाजूला, कातडीखाली बसवतात. सरकारी योजनेतलं नाव समतोल, पण सगळा जिल्हा तिला दाणाच म्हणायचा. "दाणा बसवलास का गं?" हे बायका एकमेकींना लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारायच्या.

दाण्यामागचं शास्त्र फार अवघड नव्हतं. पाळी चालू असते तोवर बाईच्या अंगात इस्ट्रोजेन पुरेसं असतं, आणि इतर अनेक कामांबरोबर ते रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर लवचिक ठेवतं. पाळी गेली की ते आटतं. अस्तर ताठर होतं, त्यावर चरबीचा थर धरायला लागतो, आणि तोवर पुरुषांपेक्षा कमी असलेलं बायकांतलं हृदयविकाराचं प्रमाण पुढच्या काही वर्षांत पुरुषांइतकं होतं. मग इस्ट्रोजेन बाहेरून दिलं तर? विचार जुना होता. पण या शतकाच्या सुरुवातीला परदेशात झालेल्या एका मोठ्या चाचणीत संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांत हृदयविकार आणि रक्ताच्या गुठळ्या कमी व्हायच्या ऐवजी वाढलेल्या दिसल्या, आणि जगभर बायकांनी गोळ्या टाकून दिल्या. त्या चाचणीतल्या बऱ्याच जणींची पाळी जाऊन कितीतरी वर्षं लोटली होती, याचा अर्थ लोकांना पुढे हळूहळू उमगला. अस्तर धड असताना सुरुवात केली तर औषध कदाचित तारतं. थर साचल्यावर सुरुवात केली तर तेच औषध घात करू शकतं.

दाण्यानं हा वेळेचा प्रश्न सोडवला. तो रक्तातलं इस्ट्रोजेन मोजायचा, नाडीच्या लाटेवरून धमनी किती ताठ झालीय ते ओळखायचा आणि लागेल तेवढंच औषध थेंबाथेंबानं थेट रक्तात सोडायचा. पाळी जाण्याच्या सुमारास बसवला तरच बसवायचा, नंतर नाही, असा नियम होता. योजना सुरू झाल्यापासून पन्नाशीपुढच्या बायकांचे हृदयविकाराचे झटके जवळपास निम्म्यावर आले होते. हे खोटं नव्हतं. म्हणूनच तर शर्मिलाचं कुणी ऐकेना.

तिचा नवरा प्रदीप पाटबंधारे खात्यात उपअभियंता होता. माणूस वाईट नव्हता. रोज सकाळी चहा घेता घेता तो दाण्याकडून फोनवर येणारा बायकोचा आलेख बघायचा, आणि हे तिला आधी बरंही वाटायचं.

"हिरवा आहे की," तो म्हणाला.

"पण मला बरं वाटत नाहीये."

"अगं, मात्रा वाढवलीय ना. थोडा वेळ दे त्याला."

"अहो, काल शाळेचा जिना चढताना मध्ये बसले मी. मुली बघत होत्या."

प्रदीपनं फोन तिच्यापुढे धरला. "कालचा बघ. दिवसभर हिरवाच आहे. वय होतंय शर्मिला, आता मुलींबरोबर पळायचं वय आहे का आपलं?"

ती चहाचा कप उचलून आत गेली आणि ओट्यापाशी उभी राहून तिनं तो बेसिनमध्ये ओतून दिला.

त्यांची मुलगी गार्गी पुण्यात योजनेच्याच कचेरीत माहितीचं विश्लेषण करायची. आईला दाणा बसवायला तिनंच लावलं होतं. गार्गीची आजी, म्हणजे शर्मिलाची आई, भाकऱ्या थापता थापता गेली होती. आधीचे चार दिवस तिच्या पोटात जळजळत होतं, पाठ धरली होती, आणि सगळे तिला पित्ताची गोळी देत होते. गार्गी तेव्हा शाळकरी मुलगी होती. आजी पडली तेव्हा तिच्याजवळ घरात गार्गी एकटीच होती. पुढे ती याच कामात गेली ती त्यामुळेच.

"आई, तुझं हृदय धोक्यात असतं तर दाण्याला कळलं असतं," गार्गी फोनवर म्हणाली. "लाखो बायकांची माहिती आहे आमच्याकडे. दाणा असलेल्या बाईची छातीची तक्रार हृदयाची निघत नाही. जवळजवळ कधीच नाही."

"तपासून बघता का पण?"

"तपासायची गरजच पडत नाही ना."

"मग हृदयाची नाही हे कशावरून?"

गार्गी मग समजुतीच्या सुरात म्हणाली, "आई, तू उगाच घाबरतेयस. आजीचं झालं म्हणून तुझं होणार नाही. त्यासाठीच तर हे सगळं केलं."

शर्मिलानं खासगी डॉक्टर गाठले. त्यांनी झोपवून हृदयाचा आलेख काढला, तो नीट आला. पुढची तपासणी लिहून द्या म्हटल्यावर ते अवघडले. केंद्राच्या शिफारशीशिवाय मिरजेचं हृदय रुग्णालय दारात घेत नाही, म्हणाले. "आणि तुम्हाला तर समतोल आहे. तुम्ही नशीबवान आहात मॅडम. माझ्या आईच्या वेळी हे नव्हतं." त्यांनी झोपेची गोळी लिहून दिली.

आंतरशालेय स्पर्धेच्या दिवशी तिच्या मुली उपांत्य सामना खेळत होत्या. शर्मिला मैदानाच्या कडेनं ओरडत पुढं-मागं चालत होती. एकदम छाती आवळून आली, हवा कमी पडल्यासारखं झालं. ती रेघेवरच बसली आणि तिला उठता येईना. कपाळावर गार घाम. शिक्षकांनी गाडीत घालून केंद्रात नेलं. तोवर दुखणं ओसरत आलं होतं.

"आपल्याला समतोल बसवलेला आहे का?"

"आहे," शर्मिला म्हणाली. "आहे, आणि तरी माझ्या छातीत दुखतंय. हे दोन्ही एकदम असू शकतं की नाही?"

"आपल्या संप्रेरकांमध्ये सौम्य चढउतार आहेत," आवाज म्हणाला.

सोबत आलेल्या शिक्षकांनी सुटकेचा श्वास टाकला. "चला, हृदयाचं काही नाही," एकजण म्हणाले. शर्मिलाला त्या काचेवर डोकं आपटावंसं वाटलं. घरी येईपर्यंत तिला एक गोष्ट पक्की कळून चुकली होती. यंत्र तिच्याशी बोलतच नव्हतं. ते दाण्याशी बोलत होतं.

तिनं दाणा काढून टाकायचं ठरवलं.

हे ऐकून प्रदीप पहिल्यांदा आवाज चढवून बोलला. गार्गी दुसऱ्याच दिवशी पुण्याहून आली, बॅगही खाली न ठेवता आईसमोर उभी राहिली.

"तुला माहितीये तू काय करतेयस? काढला की परत बसवून मिळत नाही. तुझी पाळी जाऊन सहा वर्षं झाली. नव्यानं बसवायची मुदत संपली."

"माहितीये."

"मग?"

"मग काय करू ते तू सांग. दाणा असेपर्यंत मला हृदयाचा आजार होऊच शकत नाही, असं तुमचं म्हणणं. मला तपासणीला आत घ्या म्हणते मी, तर दार उघडत नाही. दाणा काढला तर उघडेल."

"हा वेडेपणा आहे."

"असेल."

गार्गीच्या डोळ्यात पाणी आलं. "आजीसारखं करू नकोस, आई."

"आजीनं काय केलं होतं गं?" शर्मिलानं विचारलं. "ती चार दिवस सांगत होती. आपण तिला गोळ्या देत होतो."



दाणा काढायला वेळ लागला नाही. नर्सनं दंड बधिर केला, छोटी चीर दिली, चिमट्यानं दाणा काढून वाटीत टाकला. शर्मिलानं एका कागदावर सही केली. आठवड्याभरात अंगातून आगीच्या लाटा उठायला लागल्या. मानेपासून टाळूपर्यंत सगळं पेटायचं, मग घामानं ब्लाउज भिजायचा. गुडघे धरले. झोप तुटायला लागली. ती जिद्दीनं शाळेत जात राहिली आणि पुढच्याच पंधरवड्यात, दुसऱ्या मजल्यावर पोचता पोचता, मूठ पुन्हा आवळली.

केंद्रात तिनं तेच शब्द वापरले. मुद्दाम, एकही न बदलता.

"आपल्याला समतोल बसवलेला आहे का?"

"नाही."

पडदा लाल झाला. "कृपया जागेवरून उठू नका," आवाज म्हणाला. दार उघडलं, दोघेजण चाकांची खुर्ची घेऊन धावत आले, कुणीतरी जिभेखाली गोळी ठेवली. मिरजेला जाणाऱ्या रुग्णवाहिकेत शर्मिला रडत होती. सोबतचा परिचारक तिला धीर देत होता, घाबरू नका मावशी म्हणत होता. ती घाबरली नव्हती. इतका संताप तिला आयुष्यात कधी आला नव्हता.

मिरजेच्या रुग्णालयात डॉ. नसीमा मुजावर भेटल्या. पंचेचाळिशीच्या, बारीक, भरभर बोलणाऱ्या. मनगटातून नळी घालून त्यांनी हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं चित्र काढलं. रक्तवाहिन्या स्वच्छ होत्या. कुठेही अडथळा नव्हता.

दाराशी उभ्या असलेल्या प्रदीपनं ते ऐकून डोळे मिटले. "म्हणजे काहीच नाही ना?"

"असं मी म्हटलं नाही," मुजावर म्हणाल्या. "इथंच बहुतेक ठिकाणी बायकांना घरी पाठवतात. मी अजून एक तपासणी करणार आहे."

त्यांनी केसाएवढी तार आत सरकवली, एक औषध सोडलं आणि रक्ताचा वेग मोजला. निरोगी हृदयात त्या औषधानं आतला प्रवाह कितीतरी पटींनी वाढतो. शर्मिलाचा जेमतेम हलला.

"हे मोठ्या नळ्यांचं दुखणं नाही," दुसऱ्या दिवशी कॉटशेजारी बसून त्या दोघांना सांगू लागल्या. "त्यांच्यापुढे स्नायूत पसरलेल्या अगदी बारीक वाहिन्या असतात. चित्रात त्या दिसतच नाहीत. त्यांना गरजेच्या वेळी रुंद होता येत नाही. बसल्या जागी काही होत नाही, पळायला लागलं की स्नायूला रक्त कमी पडतं. बायकांमध्ये हे जास्त दिसतं."

प्रदीप मग म्हणाला, "टेलला पाणी पोचत नाही."

डॉक्टरांना ते कळलं नाही. शर्मिलाला कळलं. कालव्याच्या मुखाशी पाणी पुरेसं मोजलं जायचं आणि शेवटच्या टोकाची गावं कोरडी राहायची. ती माणसं कचेरीत येऊन भांडायची आणि प्रदीप त्यांना मुखाजवळचे आकडे दाखवायचा.

"दाण्याला हे कळायला नको होतं का?" त्यानं विचारलं.

"दाणा मोठ्या धमनीचा ताठपणा मोजतो. तो यांचा चांगलाच आहे. दाण्याची चूक नाही हो. ज्यांनी ठरवलं की एवढं मोजलं म्हणजे हृदय मोजून झालं, त्यांची आहे."

"मी तो काढला ते बरं केलं की वाईट?" शर्मिलानं विचारलं.

"खरं सांगू? मला माहीत नाही. काढल्यामुळे तुमचा त्रास वाढलाही असेल. दाणा असताना मला तुम्हाला तपासता आलं असतं तर मी काढू दिला नसता."

गोळ्या सुरू झाल्या. महिन्याभरात जबडा शांत झाला, जिना चढता यायला लागला. अंगातल्या आगीला मात्र उतार नव्हता. मुजावरांनी स्वतः शिफारस करून दाणा परत बसवायचा अर्ज पाठवला. उत्तर लगेच आलं. मुदत उलटलेली, शिवाय हृदयविकाराची नोंद. दोन्ही कारणांनी अपात्र. त्यांनी पुन्हा लिहिलं, की या बाईला दाणा आधीपासूनच होता, तिच्या धमन्या स्वच्छ आहेत, नियम ज्या भीतीपोटी केलाय ती भीती इथे लागू नाही. पुन्हा तेच उत्तर आलं, शब्दसुद्धा तेच.

"कुणाशी बोलायचं?" शर्मिलानं गार्गीला विचारलं.

"कुणाशी म्हणजे?"

"माणसाशी. हा निर्णय कोण माणूस घेतं?"

गार्गीला ते सांगता येईना. ती तिथेच नोकरीला होती, तरीही.

दरम्यान गावात वेगळंच सुरू झालं होतं. शर्मिलाबाईंनी दाणा काढला म्हणून त्या वाचल्या, असं बायका एकमेकींना सांगत होत्या. मंगल पाटोळे तिची जुनी मैत्रीण, दोघी एकाच संघात खेळलेल्या. मंगलला मधूनच छातीत धडधडायचं. तिनं कुणाला न विचारता दाणा काढून घेतला आणि केंद्रात जाऊन धडधड सांगितली. पडदा लाल झाला. तिलाही मिरजेला नेलं. त्या दिवशी मुजावर रजेवर होत्या. दुसऱ्या डॉक्टरांनी थेट नळी घातली आणि मंगलचं हृदय ठणठणीत निघालं. धडधड थायरॉइडची होती, साध्या रक्ततपासणीत कळली असती. पण नळी घालताना मनगटाची धमनी दुखावली आणि मंगलच्या उजव्या हाताची बोटं सुन्न झाली. ती शिवणकाम करायची.

बरं वाटल्यावर ती शर्मिलाकडे आली. पदराखाली हात धरून बसली.

"तुझ्यामुळं काढला मी," ती म्हणाली.

"मी तुला काढ म्हटलं नव्हतं, मंगल."

"म्हटलं नव्हतंस. केलंस की पण."

शर्मिलानं चहा केला. मंगलनं डाव्या हातानं कप उचलला, थोडा सांडला, ती तशीच उठून गेली.

त्या रविवारी गार्गी घरी आली तेव्हा शर्मिला हॉलमध्ये पंख्याखाली बसली होती, कपाळ घामानं डबडबलेलं. गार्गी तिच्या पायाशी जमिनीवर बसली.

"मी बघितलं, आई. दाणा असलेल्या किती जणींनी तुझ्यासारखी तक्रार केली, ते शोधलं. खूप आहेत. सगळ्यांपुढे एकच शेरा, संप्रेरकांचे चढउतार. एकीचीही पुढची तपासणी नाही. तपासणी नाही म्हणून आजार सापडला नाही. सापडला नाही म्हणून यंत्राची खात्री दर वर्षी वाढत गेली. मीच ते आकडे दर तिमाहीला वर पाठवत होते. तक्ते सुंदर यायचे."

"मग आता सांग ना वर."

"सांगितलं. म्हणाले, पुरावा आणा. दाणा असताना हा आजार झालेली बाई दाखवा."

"मी आहे की."

"तुझं निदान झालं तेव्हा तुला दाणा नव्हता."

शर्मिला हसली.

पुढचे काही महिने शर्मिलानं जे केलं ते तिला स्वतःलाही पटायला जड गेलं. ती घरोघर गेली आणि बायकांना दाणा काढू नका म्हणून सांगू लागली. दाणा ठेवा, आणि चालताना जबड्यात, पाठीत, हातात दुखत असेल तर माझ्याबरोबर मिरजेला चला. मुजावरांनी रुग्णालयाशी भांडून आठवड्यातली एक दुपार त्यासाठी मोकळी करून घेतली होती, केंद्राच्या शिफारशीशिवाय. संशोधन असं नाव दिल्यावर परवानगी मिळाली होती. त्या आधी रक्त तपासत, मग चालवून बघत, आणि खरोखर गरज वाटली तरच नळी घालत.

बायका ऐकून घेत आणि नेमकं विचारत, "तुम्ही का काढलात मग?" काहींनी तोंडावर दार लावलं. एकीच्या सुनेनं सांगितलं, आमच्या सासूबाईंच्या डोक्यात काही भरवू नका. मंगलकडे ती तीनदा गेली. तिसऱ्यांदा मंगल म्हणाली, "मी येते तुझ्याबरोबर. माझा हात बघून तरी बायका काढायच्या थांबतील." दोघी मग बरोबर फिरल्या. पूर्वीसारखं बोलणं मात्र जमेना. रिक्षात मंगल बहुतेक वेळ बाहेर बघत असायची.

मिरजेला आलेल्या बहुतेक बायकांची हृदयं ठणठणीत निघाली. काहींची नाही. दंडात दाणा, फोनवर हिरवा आलेख आणि हृदयातल्या बारीक वाहिन्यांच्या टोकाला पुरेसं रक्त नाही, अशा बायका मुजावरांच्या तपासणीत एकामागून एक सापडत गेल्या. गार्गीनं ते सगळं जुळवून वर पाठवलं. संख्या लहान आहे, असं पहिलं उत्तर आलं. तिनं पुन्हा पाठवलं, मुजावरांनी पाठवलं, दुसऱ्या जिल्ह्यांतल्या दोन डॉक्टरांनी आपल्याकडच्या बायका जोडून पाठवलं. वर्ष उलटल्यावर नियमात एक ओळ वाढली. समतोल असला तरी, श्रमानं वाढणारं आणि विश्रांतीनं थांबणारं दुखणं असेल तर रुग्णाला हृदयतपासणीसाठी पाठवावं.

गार्गीनं ते फोनवर वाचून दाखवलं. "झालं, आई."

"माझ्या अर्जाचं काय?"

"तो नियम वेगळ्या समितीकडे आहे."

"बरं," शर्मिला म्हणाली. फोन ठेवून तिनं गार पाण्यानं तोंड धुतलं आणि तशीच ओल्या तोंडानं खिडकीशी उभी राहिली. प्रदीप मागे येऊन थांबला. हल्ली तो सकाळी फोन बघत नसे, बघायला आलेखच नव्हता. "रात्री कशी झोप लागली?" असं विचारायचा आणि उत्तर संपेपर्यंत थांबायचा.

उन्हाळ्यात ती मिरजेला नेहमीच्या तपासणीसाठी गेली. बाकावर शेजारी एक बाई बसली होती, पन्नाशीची, जतकडची. हातात फोन, सारखी घड्याळ बघत होती.

"कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही," ती शर्मिलाला म्हणाली. "पडवळ-भोपळ्याची लावण टाकून आलेय मी. जरा पाठ भरून येते म्हणाले त्या यंत्राला, तर पाठवलं इतक्या लांब. आलेख बघा माझा. हिरवागार. परवापर्यंत तेच यंत्र म्हणत होतं, काही नाही तुम्हाला. आता कुठल्या शहाण्यानं नियम काढलाय कोण जाणे."

"चालताना येते का भरून?"

"डोक्यावर पाटी असली की. खाली ठेवली की जाते." तिनं पिशवी उचलली. "मी जातेच. एस.टी. चुकायची."

"थांबा," शर्मिला म्हणाली. "आलाच आहात तर तपासूनच जा."

बाईनं तिच्याकडे नीट बघितलं. शर्मिलाचा चेहरा लालबुंद झाला होता, मानेवरून घाम ओघळत होता, पदरानं ती वारा घेत होती.

"दाणा नाही वाटतं तुम्हाला?"

"नाही."

"मग तुम्हाला नाही कळायचं," बाई म्हणाली.

आतून नर्सनं बाईचं नाव पुकारलं. बाई उठली, घुटमळली, एकदा बाहेरच्या दाराकडे आणि एकदा आतल्या दाराकडे बघत उभी राहिली.

शर्मिलानं हात पुढे करून तिची पिशवी घेतली आणि आपल्या मांडीवर ठेवली. "जा," ती म्हणाली. "मी बसलेय इथं."

बाई कुरकुरत आत गेली.